हलव्याचे दागिने आणि टपाल : गिरगाव, दादर व परळ परिसरातील एका नाशवंत भेटवस्तूचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

इतिहासलेखनात टिकाऊ वस्तूंना जेवढे स्थान मिळाले आहे, तेवढे नाशवंत वस्तूंना मिळालेले नाही. नाणी, ताम्रपट, शिलालेख, शस्त्रे, सोन्याचांदीचे अलंकार यांचा अभ्यास विपुल प्रमाणात झाला. परंतु एका दिवसापुरती तयार होणारी, अंगावर घातली जाणारी आणि त्यानंतर खाऊन किंवा वाटून संपणारी वस्तू संग्रहालयात पोहोचत नाही. मकर संक्रांतीच्या निमित्ताने केले जाणारे हलव्याचे दागिने ही अशीच एक वस्तू होय. नववधूच्या पहिल्या संक्रांतीला आणि लहान मुलाच्या बोरन्हाणाला हे दागिने घालण्याची प्रथा महाराष्ट्रात, विशेषतः पांढरपेशा कुटुंबांत, रूढ आहे. प्रथेचे वर्णन वृत्तपत्रांच्या संक्रांत पुरवण्यांतून दरवर्षी येते. मात्र हे दागिने कोणी केले, किती वेळ खर्चून केले आणि दूर राहणाऱ्या आप्तांपर्यंत ते कसे पोहोचले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

प्रस्तुत लेखात गिरगाव, दादर, परळ व लालबाग हा मुंबईचा मराठी वस्तीचा पट्टा केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नांचा विचार केला आहे. लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) हलवा व हलव्याचे दागिने यांच्या निर्मितीतील श्रमांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) टपालव्यवस्थेने या भेटवस्तूच्या देवाणघेवाणीला कोणते रूप दिले, याचा शोध घेणे.
३) ‘घरी केलेली वस्तू’ या संकल्पनेमागील स्त्रीश्रमाच्या मूल्याचा प्रश्न मांडणे.

१. स्वस्त टपाल आणि सणाची भेट

सणाच्या निमित्ताने छोटी, हाताने केलेली वस्तू टपालाने पाठविण्याची रीत जगात मुख्यतः नाताळाशी जोडली जाते. या रीतीचा उगम केवळ धार्मिक भावनेत नसून टपालाच्या दरातही आहे. इंग्लंडमध्ये १८४० साली एक पेनीचे समान टपाल सुरू झाले. त्या सुधारणेसाठी झटणाऱ्या हेन्री कोल यांनीच १८४३ मध्ये चित्रकार जॉन हॉर्स्ली यांच्याकडून नाताळाचे पहिले छापील शुभेच्छापत्र तयार करून घेतले. म्हणजे टपाल आधी स्वस्त झाले आणि मग सण टपालात शिरला. त्याच शतकात जर्मनीतील थुरिंजिया प्रांतातील लाउशा या गावात नाताळवृक्षावर टांगण्याच्या काचेच्या शोभेच्या वस्तू घरोघरी फुंकून तयार होऊ लागल्या. घरातील पुरुष काच फुंकीत, स्त्रिया व मुले रंग देणे आणि वस्तू बांधणे ही कामे करीत. पुढे हा माल अटलांटिकपलीकडे मोठ्या प्रमाणावर गेला. तो विकणाऱ्या अमेरिकन व्यापाऱ्यांची नावे इतिहासात राहिली. करणाऱ्या घरांची बहुतांशी राहिली नाहीत.

हिंदुस्थानातील घटनाक्रम याहून फार वेगळा नाही. १८५४ च्या टपाल कायद्यानुसार पाव तोळा वजनापर्यंतच्या पत्राला, ते देशात कोठेही जावो, अर्धा आणा असा समान दर ठरला. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. त्यापूर्वी १८७७ मध्ये व्ही.पी. पद्धत, म्हणजे वस्तू हाती पडताना टपाल्याकडे पैसे भरण्याची सोय, सुरू झाली होती आणि १८८० मध्ये मनीऑर्डर आली. गावाकडून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या माणसाच्या जीवनात या सोयींनी कायमचे स्थान मिळविले.

गिरगावात या दोन्ही परंपरा शेजारी नांदल्या. खोताच्या वाडीतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे नाताळात दारात कागदी तारा लावीत आणि घरी केलेल्या गोड पदार्थांची तबके शेजाऱ्यांकडे पाठवीत. तीन आठवड्यांनी आसपासच्या चाळींतून तिळगूळ निघे. दोन्ही सणांत हाताने केलेली छोटी वस्तू हेच नाते टिकविण्याचे साधन होते. फरक एवढाच, की नाताळवृक्षावरील काचेचा गोळा पुढल्या वर्षासाठी जपून ठेवता येतो. हलव्याचा दागिना ठेवता येत नाही.

२. हलवा : प्रक्रिया आणि श्रम

संक्रांतीचा हलवा म्हणजे तीळ, खसखस, साबुदाणा, बडीशेप, लवंग, कलिंगडाच्या सोललेल्या बिया यांसारख्या दाण्यांवर साखरेच्या पाकाची पुटे चढवून केलेला काटेरी पदार्थ. कृती सांगायला सोपी आहे. मंद निखाऱ्यावर परात ठेवावी, तीत भाजलेले दाणे घ्यावेत, चमचाभर पाक सोडावा आणि बोटांनी दाणे सतत हलवीत राहावे. पाक सुकला की पुन्हा चमचाभर पाक सोडावा. ही क्रिया रोज काही तास, अशी अनेक दिवस करावी लागते. आच वाढली तर साखर पिवळी पडते, पाक जास्त झाला तर दाणे एकमेकांना चिकटतात आणि हात थांबला तर काटा येत नाही. गरम परातीत उघडी बोटे फिरवावी लागत असल्याने बोटांची त्वचा भाजते. हवा जेवढी थंड व कोरडी, तेवढा काटा चांगला येतो. म्हणून हे काम बहुधा पहाटे किंवा रात्री केले जाई. मुंबईसारख्या दमट शहरात ते देशावरच्या तुलनेत अधिक कठीण होते.

दाण्यांवर साखरेची पुटे चढविण्याची ही पद्धत एकट्या महाराष्ट्राची नाही. युरोपातही बडीशेप, धने व बदाम यांवर टांगत्या पसरट भांड्यात पाक चढवून गोळ्या केल्या जात. तेथे हे काम मिठाई करणाऱ्या व्यावसायिक कारागिरांकडे गेले. महाराष्ट्रात ते दीर्घकाळ घरातील स्त्रीकडेच राहिले. परिणामी तेथे त्याची गणना व्यवसायात झाली, येथे सुगरणपणात झाली. सुगरणपणाची स्तुती होते. त्याची मजुरी ठरत नाही. हा भेद लेखाच्या पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

पांढऱ्याशुभ्र हलव्यासाठी शुद्ध केलेली पांढरी साखर आवश्यक असते. एकोणिसाव्या शतकात पांढरी साखर मॉरिशसहून मुंबई बंदरात येई, म्हणून मराठीत तिला ‘मोरस’ असे नाव पडले. हलव्याचा शुभ्रपणा अशा रीतीने बंदराच्या व्यापाराशी निगडित होता. विसाव्या शतकात महाराष्ट्रातच साखर कारखानदारी वाढली आणि प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. तरीही साखर नेहमीच मुबलक नव्हती. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे शिधापत्रिकेवरील साखर मोजून मिळत असे. मोजून मिळालेल्या साखरेतून सुनेसाठी किंवा नातवासाठी दागिने करणे, म्हणजे घरच्या चहातील साखर काढून ठेवणे होते. या वस्तूच्या मूल्यात श्रमाबरोबर हा त्यागही धरला पाहिजे.

३. दागिन्यांचे आकार आणि त्यांचा सामाजिक अर्थ

हलव्याच्या दाण्याला छिद्र पाडता येत नाही, कारण पाडले तर तो फुटतो. त्यामुळे मोत्यांप्रमाणे हलवा ओवता येत नसून दोऱ्याला सुरगाठ मारून एकेक दाणा त्या गाठीत अडकवावा लागतो. पुठ्ठा, सोनेरी कागद, जर व तार यांचा आधार घेऊन पुढे मोठे आकार करता येऊ लागले. आतील दाण्यावर दागिन्याचा घाट ठरतो. साबुदाण्याचा हलवा गोल मोत्यासारखा, लवंगेचा लांबट, कलिंगडाच्या बियांचा चपटा पानासारखा आणि खसखशीचा अगदी बारीक असतो. नथ, तन्मणी, चिंचपेटी, ठुशी, बाजूबंद, पाटल्या, बांगड्या, कंबरपट्टा व मंगळसूत्र हे दागिने नववधूसाठी, तर मुकुट, कंठी, बासरी, वाळे व मनगट्या हे बोरन्हाणाच्या बालकासाठी केले जातात. जावयासाठी हार व हलव्याने मढविलेला नारळ असतो. या यादीत पुढे मनगटी घड्याळाची भर पडली आणि अलीकडे मोबाइल फोनचीही. ज्या काळी जी वस्तू प्रतिष्ठेची, तिचा साखरेतील नमुना तयार झाला, असे यावरून म्हणता येईल. वास्तविक ही यादी म्हणजे मध्यमवर्गीय आकांक्षांची नोंदवहीच आहे.

सोन्याचे अलंकार वधूच्या अंगावर घालताना त्यांचे वजन, मालकी व पुढील वाटणी यांचे हिशेब असतात. हलव्याच्या दागिन्यात हे हिशेब नसतात. ज्या कुटुंबाला सुनेला तन्मणी करणे परवडत नाही, तेही तिला एक दिवस तन्मणी घालू शकते. काळ्या चंद्रकळेवर पांढरे दागिने उठून दिसतात. छायाचित्र काढले जाते आणि संध्याकाळी त्यातील हलवा मुलांच्या हातावर पडतो. संपत्तीचे प्रदर्शन असूनही संपत्ती न साठविणारा असा हा दुर्मीळ अलंकार आहे.

असे असले तरी या प्रथेचे निखळ कौतुक करून थांबता येत नाही. हळदीकुंकू, वाण लुटणे आणि हलव्याचे दागिने घालणे हे सर्व सवाष्णीचे अधिकार मानले गेले. विधवेला त्यात स्थान नव्हते. परंतु हलवा करणाऱ्या हातावर अशी अट नव्हती. परातीपुढे बसलेली विधवा आत्या किंवा काकू निषिद्ध नव्हती. तीच समारंभाला पुढे आली तर निषिद्ध ठरे. निर्मितीत सामील आणि उपभोगातून वर्ज्य, अशी ही विभागणी होती. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवाविषयक अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. हा प्रश्न एकविसाव्या शतकातही संपलेला नव्हता, हे यावरून दिसते.

४. पाकीट, पार्सल आणि पंचांग

हलवा टपालात दोन रूपांनी गेला. पहिले रूप अगदी लहान होते : ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे छापलेले शुभेच्छापत्र आणि त्यासोबत कागदाच्या चिमुकल्या पुडीत हलव्याचे चार दाणे. दुसरे रूप म्हणजे दागिन्यांचे पार्सल.

पहिल्या रूपाच्या संदर्भात टपालाचे नियम अर्थपूर्ण ठरतात. टपालातील सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पोस्टकार्ड. त्यातून हलवा जाणे शक्यच नव्हते. १९५० मध्ये आलेल्या आंतर्देशीय पत्रात व परदेशी पाठविण्याच्या हवाई पत्रात आत कोणतीही वस्तू घालण्यास मनाई होती. म्हणून तिळगूळ पाठवायचा तर महागडे बंद पाकीट घेणे भाग होते. एरवी वर्षभर पोस्टकार्डावर भागविणारी कुटुंबे संक्रांतीला पाकीट खरेदी करीत, ती या चार दाण्यांसाठी. पाकिटावर टपाल कचेरीचा ठसा जोराने आदळे. दाणे फुटत, साखरेचा चुरा होई. पाकीट उघडणाऱ्याच्या हाती पुष्कळदा तिळाचे दाणे आणि पांढरी भुकटीच पडे. ती भुकटीदेखील जिभेवर ठेवली जाई. वस्तू मोडली तरी भेट पोहोचली असे मानण्याची ही वृत्ती होती.

दुसऱ्या रूपात बांधणीचे कौशल्य लागे. पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या डब्यात कापसाचा थर, त्यावर पातळ कागद, प्रत्येक दागिना वेगळा ठेवलेला, वर पुन्हा कापूस. नंतर डबा जाड कापडात शिवून त्यावर शाईने पत्ता आणि शिवणीवर लाख. हलव्याला दोन शत्रू असतात, दमटपणा आणि धक्का. काटा मोडला की दागिना बोथट दिसतो आणि ओल लागली की चिकट होतो. जानेवारीतील कोरडी हवा ही त्याची एकमेव मित्र होय.

या ठिकाणी पंचांगाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दिवाळी, गणेशोत्सव, राखीपौर्णिमा हे सण चांद्र तिथीनुसार येत असल्याने इंग्रजी तारखेच्या हिशेबात दरवर्षी मागेपुढे होतात. संक्रांत सौर गणनेवर आधारलेली असल्याने तिची तारीख जवळजवळ स्थिर असते. तीही अतिशय संथपणे पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म झाला त्या १२ जानेवारी १८६३ या दिवशी मकर संक्रांत होती. विसाव्या शतकात ती बहुधा १४ जानेवारीला आली आणि एकविसाव्या शतकात काही वर्षी १५ जानेवारीला येते. परंतु एका माणसाच्या आयुष्यात हा फरक जाणवण्यासारखा नाही. त्यामुळे नाताळाप्रमाणेच संक्रांतीच्या टपालाचेही वेळापत्रक ठरून जाते : डिसेंबरात हलवा करावयास घ्यायचा, वर्षअखेरीपर्यंत दागिने गुंफायचे आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत पार्सल टपालात टाकायचे.

दुसरी सवलत रथसप्तमीने दिली. संक्रांतीचे हळदीकुंकू व बोरन्हाण हे माघ शुद्ध सप्तमीपर्यंत केव्हाही करता येते. ही तिथी चांद्र असल्याने हा कालावधी दरवर्षी बदलतो. २०२१ मध्ये रथसप्तमी १९ फेब्रुवारीला होती, म्हणजे संक्रांतीनंतर ३६ दिवसांनी; २०२६ मध्ये ती २५ जानेवारीला, अवघ्या ११ दिवसांनी आली. नाताळाची भेट २५ डिसेंबरनंतर पोहोचली तर ती उशिराची ठरते; संक्रांतीचे पार्सल मात्र उशिरा येऊनही वेळेवर आलेले असू शकते. ही सवलत टपालासाठी निर्माण झालेली नाही, हे उघड आहे. तरीही दूर अंतरावरील देवाणघेवाणीला तिचा मोठाच उपयोग झाला.

५. गिरगाव, दादर, परळ : करणारे हात

गिरगाव हे मुंबईतील मराठी पांढरपेशांचे जुने केंद्र. १८९३ मध्ये केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो याच वस्तीत. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या योजनांतून दादर–माटुंगा भागात नियोजित वसाहती उभ्या राहिल्या. गिरगावच्या चाळींतील अनेक कुटुंबांच्या पुढील पिढ्या दादरला आल्या. परळ–लालबाग हा गिरण्यांचा भाग. तेथील कामगार मुख्यतः कोकणातून व घाटावरून आलेले. मनीऑर्डर मुंबईहून गावाकडे जाई आणि गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबर शिधा मुंबईला येई. हलव्याचे दागिने ही प्रथा प्रामुख्याने गिरगाव–दादरची, तर तिळगुळाचे साधे पाकीट दोन्हीकडचे, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

या पट्ट्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. स्त्रीच्या घरगुती कौशल्याला उपजीविकेचे साधन बनविण्याचे अनेक प्रयोग येथेच झाले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन उघडले, ते गिरगाव चौपाटीजवळ. पुढे ते पुण्यास गेले. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी सेवा सदन ही संस्था मुंबईत स्थापन केली. गावदेवीतील या संस्थेत स्त्रियांना शिवण, पाककला व इतर उद्योगांचे शिक्षण मिळू लागले. १९५९ मध्ये गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातून ‘लिज्जत’ उभी राहिली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने खानावळी चालविणाऱ्या गिरणगावातील स्त्रियांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले.

गिरण्यांतील स्त्रियांची स्थितीही येथे लक्षात घ्यावी लागेल. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. त्या मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या व लडी करण्याच्या खात्यांत काम करीत. यंत्रांच्या फेररचनेबरोबर ही खाती आटत गेली आणि स्त्रिया गिरणीबाहेर पडत गेल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या संक्रांतीनंतर अवघ्या चार दिवसांनी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचे उत्पन्न थांबले आणि घरातील स्त्रीच्या मिळकतीवर असंख्य कुटुंबे तगली. डबे, पोळ्या, मसाले, शिवणकाम, नगावर मिळणारी हातकामे यांचे जाळे या भागात पसरले.

पापड आणि खानावळ यांना संस्थेचे रूप मिळाले, कारण ती कामे वर्षभर चालतात. हलव्याच्या दागिन्यांना ते मिळाले नाही. काम फार तर दोन-अडीच महिन्यांचे, मागणी ओळखीतून येणारी, दर तोंडी ठरणारा. दादरच्या बाजारपेठेत जानेवारीच्या प्रारंभी हलव्याच्या दागिन्यांचे संच मांडलेले दिसतात. त्यांवर दुकानाचे नाव असते; गुंफणाऱ्या स्त्रीचे नसते. लाउशाच्या काचकामगारांच्या बाबतीत जे घडले, त्याचीच ही लहान प्रमाणावरील आवृत्ती आहे. फिरत्या ढोलातून यंत्रावर होणारा हलवा बाजारात आल्यापासून परातीपुढील श्रम कमी झाले. गुंफण्याचे काम मात्र हातानेच करावे लागते, कारण गाठ मारून दाणा अडकविणारे यंत्र या छोट्या हंगामी कामाला परवडणारे नाही.

६. परदेशी पार्सल आणि ‘घरी केलेले’ याची व्याख्या

लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून कार्यरत आहे. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलल्यानंतर तेथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने गेली आणि १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. परदेशी जन्मलेल्या नातवंडाच्या बोरन्हाणासाठी गिरगाव–दादरहून हलव्याचे दागिने पाठविणे हा यानंतरच्या काळातील स्वाभाविक टप्पा होता. तेथे बोरे मिळत नाहीत, म्हणून इतर फळे चालतात. उसाच्या करव्यांऐवजी चॉकलेट चालते. दागिने मात्र मुंबईहूनच हवेत, असा आग्रह असतो. पार्सलातील खरा ऐवज आजीचे हात हा असतो, हे त्याचे कारण होय.

देशांतर्गत टपालात या वस्तूचे मूल्य कोणी विचारले नव्हते. परदेशी पार्सलाने ते विचारले. सीमाशुल्काच्या घोषणापत्रात वस्तू कोणती, वजन किती, किंमत किती आणि ती भेट आहे की विक्रीचा माल, हे लिहावे लागते. हलव्याचा मुकुट हा खाद्यपदार्थ की शोभेची वस्तू? त्याची किंमत म्हणजे आतील साखर व तिळाची, की पंधरा दिवसांच्या कामाची? सर्वसाधारणपणे साखरेचीच किंमत लिहिली जाते. कारण शुल्क वाचवायचे असते आणि शिवाय श्रमाची किंमत लिहिण्याची सवयच नसते. अशा रीतीने स्त्रीच्या श्रमाचे मूल्य विचारणारा एक दुर्मीळ सरकारी कागद तिच्याच घरच्यांकडून शून्याने भरला जातो.

अमेरिकेच्या खाद्य आयात नियमांनी हा प्रश्न आणखी धारदार केला. २००२ च्या जैवदहशतवादविरोधी कायद्यानुसार डिसेंबर २००३ पासून तेथे येणाऱ्या अन्नाची पूर्वसूचना देणे बंधनकारक झाले. परंतु एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या राहत्या घरी तयार केलेले आणि त्याच व्यक्तीने वैयक्तिक भेट म्हणून पाठविलेले अन्न या अटीतून वगळण्यात आले. या तरतुदीचा अर्थ बारकाईने पाहण्यासारखा आहे. आजीने स्वतः हलवा करून स्वतः पाठविला तर सूट आहे; शेजारच्या इमारतीतील स्त्रीकडून करवून घेतला आणि आजीने पाठविला तर तोच हलवा, तेच हात, तेच घरगुती स्वयंपाकघर असूनही सूट लागू होत नाही. कायद्याच्या लेखी घरी केलेले म्हणजे नात्यातून केलेले. मोबदला घेऊन केलेले घरगुती काम त्यात बसत नाही. भारतातही २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने लहान अन्न उत्पादकांच्या नोंदणीची तरतूद केली. या नियमांमागे आरोग्याची न्याय्य चिंता आहे, हे मान्य करावे लागेल. मात्र घरात बसून काम करणाऱ्या स्त्रीवर उत्पादकाची जबाबदारी येते, तेवढ्या तत्परतेने कामगाराचे हक्क तिच्यापर्यंत येत नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने गृहाधारित कामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ मध्ये संमत केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात गृहाधारित कामगाराची व्याख्या आली, परंतु दोन महिन्यांचे हंगामी काम करणारी स्त्री स्वतःला कामगार म्हणवून घेत नाही आणि तिचे कुटुंबही तिला तसे म्हणत नाही.

टपालावरील अवलंबित्व किती नाजूक आहे, याचा अनुभव २०२५ मध्ये आला. अमेरिकेने लहान पार्सलांवरील शुल्कमाफी रद्द केल्याने भारतीय टपाल खात्याने ऑगस्टच्या अखेरीस तेथे जाणारे टपाल स्थगित केले. १५ ऑक्टोबर २०२५ पासून ते पुन्हा सुरू झाले. त्या वर्षीच्या दिवाळी फराळाला या स्थगितीची झळ लागली. २०२६ च्या संक्रांतीपूर्वी मार्ग मोकळा झाला, परंतु घोषणापत्रातील किमतीचा रकाना पूर्वीपेक्षा अधिक अर्थपूर्ण झाला आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) हलव्याचे दागिने ही केवळ लोकाचारातील गंमत नसून साखरेचा व्यापार, टपालाचे दर, पंचांग आणि स्थलांतर या घटकांनी घडविलेली आधुनिक शहरी भेटवस्तू आहे.

२) संक्रांतीची जवळजवळ स्थिर तारीख आणि रथसप्तमीपर्यंतची मुदत यांमुळे ही भेट टपालाला विशेष अनुकूल ठरली. या बाबतीत तिचे साम्य मराठी चांद्र सणांपेक्षा नाताळाच्या भेटींशी अधिक आहे.

३) गिरगाव ते परळ या पट्ट्यात स्त्रियांच्या घरगुती कौशल्याला संस्थात्मक रूप देण्याचे प्रयोग यशस्वी झाले, परंतु हंगामी स्वरूपामुळे हलव्याचे काम त्यांच्या कक्षेबाहेर राहिले आणि ते करणाऱ्या स्त्रिया अनामिक राहिल्या.

४) या प्रथेने विधवेला निर्मितीत सामावून घेतले आणि समारंभातून वगळले. प्रथेचे जतन करताना हा भेद जतन करण्याचे कारण नाही.

५) परदेशी पार्सलाच्या निमित्ताने ‘ही वस्तू कोणी केली आणि तिची किंमत काय’ हा प्रश्न प्रथमच लेखी विचारला गेला. त्याचे प्रामाणिक उत्तर अद्याप लिहिले गेलेले नाही.

नाशवंत वस्तू मागे काही ठेवत नाही, असे म्हटले जाते. ते पूर्णतः खरे नाही. टपालाच्या पावत्या, घोषणापत्रांच्या प्रती, काळ्या साडीतील नववधूची छायाचित्रे आणि पाकिटाच्या तळाशी राहिलेले छापील शुभेच्छापत्र ही सर्व साधने दादर–गिरगावच्या घरांतून अजून उपलब्ध होऊ शकतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून ती संकलित झाली आणि हलवा करणाऱ्या ज्येष्ठ स्त्रियांची निवेदने त्यांच्या संमतीने नोंदविली गेली, तर मुंबईच्या सामाजिक इतिहासातील एक रिकामी जागा भरून निघेल. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. वस्तू दरवर्षी नव्याने होते; ती करणाऱ्या हातांचे तसे नाही.